हसविणारीची मजुरी

चार्ली चॅप्लिनचे नाव ज्या घरात कोणी ऐकलेले नाही असे घर आपल्या शहरात शोधूनही सापडायचे नाही. परंतु १९१४ साली ‘टिलीज पंक्चर्ड रोमान्स’ या नावाचा जो विनोदी मूकपट निघाला, विनोदी चित्रांत पहिला मोठ्या लांबीचा म्हणून ज्याची गणना होते, त्यात मुख्य भूमिका चॅप्लिनची नव्हती. ती मारी ड्रेस्लर या बाईंची होती. चॅप्लिन त्या वेळी पडद्यावर नवखा. बाई मात्र रंगभूमीवर तीस वर्षे घालवून आलेल्या. त्या धिप्पाड बाईला पाहून लोक पोट धरून हसले. ही हसविण्याची विद्या त्यांनी कोठे मिळविली, आणि ती मिळवीत असता दर आठवड्याच्या शेवटी त्यांच्या हातावर काय पडत होते, हा या लेखाचा विषय आहे.

आमचे आयुष्य कामगारांच्या चळवळीत गेले. स्वरांचे शास्त्र आम्हांस कळत नाही, आणि कळते असे दाखविण्याची हौसही नाही. पगारपत्रक मात्र वाचता येते. नाटकवाल्या मंडळींची चरित्रे वाचताना इतरांची नजर टाळ्यांवर खिळते, आमची पगाराच्या आकड्यावर. मारी ड्रेस्लर यांच्या उमेदवारीच्या वर्षांची हकीकत अशा नजरेने वाचली, तर एका जुन्या वादाचा उलगडा होण्यास मदत होईल असे आम्हांस वाटते. तो वाद असा. कलावंत हालअपेष्टांतूनच घडतो, त्याला पगाराची शाश्वती दिली की त्याची कला मंदावते, असे म्हणणारे सज्जन पुष्कळ आहेत. त्यांत मालक असतात तसे रसिकही असतात, आणि कधी कधी स्वतः कलावंतही असतात. हे म्हणणे कितपत खरे आहे?

मारी ड्रेस्लर यांचे मूळ नाव लैला मारी कर्बर. त्यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८६८ रोजी कॅनडाच्या ऑंटारिओ प्रांतात कोबर्ग या गावी झाला. वडील युरोपातून येऊन स्थायिक झालेले संगीतशिक्षक होते आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. आईही संगीत जाणणारी होती. चर्चमध्ये गाणे आणि ऑर्गन चालविण्याच्या कामी वडिलांना मदत करणे, हे या मुलीचे पहिले संगीतशिक्षण. पाच वर्षांची असताना लिंडसे गावी चर्चच्या एका कार्यक्रमात तिला मदनाचे सोंग दिले होते. घर फिरते होते. आज या गावी, उद्या त्या गावी. शिकवणीवर पोट असलेल्या माणसाची मिळकत बेताचीच असावयाची, हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

चौदाव्या वर्षी या मुलीने घर सोडले आणि नाटक कंपनीची वाट धरली. आपले आडनाव नाटकाच्या जाहिरातीवर छापले जावे हे वडिलांना मान्य नव्हते. म्हणून तिने नात्यातील एका बाईचे नाव घेतले आणि ती मारी ड्रेस्लर झाली. ‘नेवाडा ट्रॅव्हलिंग स्टॉक कंपनी’ नावाच्या फिरत्या नाटक मंडळीत तिने वय अठरा सांगून नोकरी मिळविली. बरोबर तिची बहीणही होती. पगार आठवड्याला थोडेच डॉलर, आणि त्यातील अर्धा ती आईला पाठवी. खोटे वय सांगून कामावर लागलेली आणि निम्मा पगार घरी पाठविणारी पोर आम्ही नाटकात क्वचित पाहिली, परंतु कारखान्यांच्या दारांशी पुष्कळ पाहिली आहे. त्यामुळे ही मुलगी आम्हांस परकी वाटत नाही.

आता अशी फिरती कंपनी चालत कशी, हे थोडे समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत त्या काळी आगगाडीचे रूळ गावोगाव पोहोचले होते, आणि जेथे गाडी थांबे तेथे नाटकाची कंपनी उतरे. कंपनीचे भांडवल म्हणजे काही पडदे, काही पेट्या पोशाख आणि मालकाची पत. आज रात्रीच्या गल्ल्यातून उद्याचे गाडीभाडे निघावयाचे, त्यातून थिएटरचे भाडे, खाणावळीचे बिल आणि राहिलेच तर पगार. म्हणजे पगार हा देण्यांच्या यादीत अगदी तळाशी. गाडीवाला उधारीवर बसू देत नाही, थिएटरवाला भाडे आधी घेतो. थांबू शकतो तो एकटा नट. ज्याला थांबविता येते त्याचेच पैसे थांबतात, हा धंद्याचा नियम आहे आणि तो केवळ नाटकाच्या धंद्याचा नाही.

या कंपनीत ही मुलगी सुमारे तीन वर्षे होती. मंडळी बहुतेक हौशी, पण शाळा म्हणून ती उत्तम होती असे बाईंनी पुढे आवर्जून सांगितले आहे. ठरलेले नाटक तासाभराच्या सूचनेवर बदलावयाचे. त्यामुळे प्रत्येकाला भाषणे झटपट पाठ करावी लागत, आणि काल नायिकेची मैत्रीण झालेल्या मुलीला आज म्हातारी व्हावे लागे. हे शिक्षण खरे होते, याविषयी आमचा वाद नाही. ते आम्ही बाजूस काढून ठेवतो. पुढे हिशेबाला घेऊ.

अखेर ही कंपनी मिशिगनमधील एका लहान गावी पैसा आणि पुढचा खेळ, दोहोंवाचून अडकली. अशा प्रसंगाला नाटकवाल्यांच्या धंद्यात कोणी नवल म्हणत नसे. मालक गल्ला घेऊन नाहीसा होई किंवा त्याच्याजवळ खरोखरच काही उरलेले नसे. दोन्ही प्रकारांत नटाची स्थिती एकच. परक्या गावी, खिशात दिडकी नाही, आणि खाणावळवाल्याने सामान अडवून ठेवलेले. दावा लावावा तर ज्याच्यावर लावावयाचा तो दुसऱ्या राज्यात, आणि दावा चालेपर्यंत खावयाचे काय?

यानंतर मारी कॉमिक ऑपेराकडे वळली. हा प्रकार आमच्या संगीत नाटकासारखा असावा असे कोणास वाटेल, परंतु त्यात एक महत्त्वाचा फरक आहे. आमच्या संगीत नाटकात मुख्य नट पद म्हणू लागला की तो आणि त्याचे साथीदार एवढ्यांवर रंग चढतो. बाकीची पात्रे उभी राहून ऐकत असली तरी चालते. कॉमिक ऑपेरात तसे नाही. तेथे कथा हलकीफुलकी, भाषणे चुरचुरीत, आणि मुख्य पात्रांच्या पाठीशी वीस-पंचवीस जणांचा गाणारा-नाचणारा ताफा सतत उभा. या ताफ्याला कोरस म्हणतात. कोरसमधील मुलगी कधी खलाशाची बहीण असते, कधी शाळकरी मुलगी, कधी दरबारी स्त्री. तिचे नाव जाहिरातीवर नसते. पण ती नसेल तर खेळच उभा राहत नाही. घराला जोते असावे तसा कोरस.

या खेळांची अमेरिकेत इतकी लाट का आली, त्याचेही कारण आहे. इंग्लंडातील गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीचा ‘पिनाफोर’ हा ऑपेरा १८७८ साली लंडनमध्ये आला आणि पाहता पाहता अमेरिकाभर पसरला. परक्या देशातील ग्रंथकाराचे हक्क त्या वेळी अमेरिकेचा कायदा मानीत नसे. ती तरतूद १८९१ साली झाली. तोपर्यंत युरोपातील गाजलेला खेळ उचलावा, कर्त्याला पै देऊ नये आणि गावोगाव करावा, असा राजरोस व्यवहार चाले. चोरी थांबविण्यासाठी गिल्बर्ट व सलिव्हन यांनी आपला पुढचा ऑपेरा १८७९ च्या ३१ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्येच रंगभूमीवर आणला, तरीही चोरी थांबली नाही. सांगावयाचे एवढेच की कर्त्याचा हक्क बुडवून जे स्वस्त झाले त्यावर शेकडो लहान कंपन्या उभ्या राहिल्या. आणि ज्या धंद्याला लिहिणाऱ्याचे पैसे बुडविण्याची सवय असते, त्याला गाणाऱ्याचे पैसे बुडविणे जड जात नाही.

मारी ग्राऊ ऑपेरा कंपनीत शिरली. पगार वाढला, आठवड्याला आठ डॉलर ठरला. तो कधी हातात पडलाच नाही, असे त्या पुढे सांगत. बाईंच्या सगळ्या आठवणी अक्षरशः खऱ्या मानाव्यात असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याविषयीच्या गोष्टी रंगवून सांगणे हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता. परंतु ठरलेला पगार आणि मिळालेला पगार यांत अंतर असते ही गोष्ट रंगवून सांगावी लागत नाही. आम्ही जेव्हा जेव्हा नव्या ठिकाणी कामगारांची सभा घेतली, तेव्हा पहिला प्रश्न ‘पगार किती?’ असा कधी विचारला नाही. ‘हातात किती येतो?’ असा विचारला. दोन प्रश्नांची उत्तरे एक आली तर त्या ठिकाणी आमचे काम थोडे, असे समजावे.

तेथून ती फिलाडेल्फियात स्टार ऑपेरा कंपनीच्या कोरसमध्ये लागली. लंडनमध्ये १८८५ साली आलेला ‘मिकाडो’ हा ऑपेरा त्या वेळी जिकडेतिकडे होत होता. त्यात कतिशा नावाची एक प्रौढ, कठोर, राजपुत्राच्या मागे लागलेली दरबारी बाई आहे. ते काम करणाऱ्या नटीचा पाय एके दिवशी मुरगळला आणि कोरसमधील मारीला ऐन वेळी उभे केले, अशी हकीकत आहे. मारी तेव्हा विशीच्या आतबाहेर. पण अंगाने उंच व थोराड, आवाजही भरदार. कतिशाकडे प्रेक्षक पाहतात ते हसण्यासाठी, परंतु तिच्या वाट्याला आलेले संगीत खरोखर दुःखाचे आहे. कुरूप मानलेल्या बाईलाही मन असते हे त्या पात्रातच लिहिलेले आहे. पुढे पन्नास वर्षे मारी ड्रेस्लर यांनी जे केले त्याचे बीज आम्हांस येथे दिसते: आधी हसू द्यावयाचे, आणि हसता हसता समोरच्या माणसाला आपले हसणे थोडे जड व्हावे असे करावयाचे.

काही दिवसांनी ती ती कंपनी सोडून मिशिगनमधील सॅगिनॉ येथे आईवडिलांकडे परतली. तेथे चर्चच्या गायकवृंदात गात असताना बेनेट अँड मोल्टन ऑपेरा कंपनीच्या व्यवस्थापकाने तिला हेरले, असे त्या सांगत. या कंपनीत ती तीन वर्षे राहिली. पुन्हा तोच दौरा, तीच आगगाडी, तीच थंड नाटकगृहे. पण आता कोरसमधून ती भूमिकांकडे सरकली होती. ‘ब्लॅक हुसार’ या ऑपेरातील बार्बरा हे काम तिचे आवडते. त्यात ती बेसबॉलचा चेंडू टोलवून थेट प्रेक्षकांत धाडी. लहान गावातल्या लोकांना युरोपातील दरबारी कथेपेक्षा आपल्या मैदानावरचा खेळ जवळचा, हे तिने ओळखले होते. पुस्तकात न लिहिलेली गोष्ट प्रेक्षकांचा अंदाज घेऊन घालावयाची, ती साधली की ठेवावयाची आणि फसली की दुसऱ्या दिवशी काढून टाकावयाची, हे तंत्र रोज नव्या गावापुढे उभे राहिल्याखेरीज येत नाही.

१८९१ साली ही कंपनी सोडून मारी शिकागोत आली. तेथे काही खेळ करून न्यूयॉर्कला गेली. १८९२ साली फिफ्थ अॅव्हेन्यू थिएटरमध्ये ‘रॉबर ऑफ द ऱ्हाइन’ या ऑपेरातून तिचे ब्रॉडवेवर पदार्पण झाले. खेळ पाच आठवड्यांत बंद पडला. परंतु त्याचे लेखक मॉरिस बॅरीमोर, जे स्वतः नामांकित नट होते, त्यांनी तिला एक सल्ला दिला. मारीला थोर गायिका किंवा करुणरसाची नटी व्हावयाचे होते. बॅरीमोर यांनी सांगितले की तुझे यश विनोदात आहे. हा सल्ला घेणे तेव्हा सोपे गेले नसणार. तेवीस वर्षांच्या मुलीला ‘लोक तुला पाहून रडणार नाहीत, हसतील’ असे सांगणे म्हणजे तिच्या रूपाविषयी बोलणेच होते. ती हे जाणून होती. पुढे १९२४ साली तिने आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्यात स्वतःला ‘कुरूप बदकपिल्लू’ म्हणवून घेतले. जे लोक आपल्याला म्हणणार ते आपणच आधी म्हणून टाकले की त्यातील विष निघून जाते. हा बचाव गरिबांना आणि हसविणाऱ्यांना चांगला ठाऊक असतो.

खेळ पडल्यावर पोटासाठी तिने न्यूयॉर्कच्या बावरी भागातील अटलांटिक गार्डनसारख्या बिअरगृहांत गाणी म्हटली. १८९३ साली ‘प्रिन्सेस निकोटिन’ या खेळात तिला डचेसचे काम मिळाले. त्यात मुख्य नायिका लिलियन रसेल, म्हणजे त्या काळच्या अमेरिकेत सौंदर्य आणि गाणे या दोहोंसाठी प्रसिद्ध असलेली नटी. दोघींची मैत्री जमली. मारीचा पगार आता आठवड्याला पन्नास डॉलर झाला होता आणि त्यावर ती आईवडिलांना पोसू लागली. त्या पहिल्या पगारावरून पन्नासांवर येण्यास दहा-अकरा वर्षे लागली, हे लक्षात ठेवावे.

१८९६ साली कॅसिनो थिएटरमध्ये ‘लेडी स्लेव्ही’ या संगीत खेळात फ्लो हनीड्यू ही भूमिका बाईंना मिळाली आणि त्यांचे नाव झाले. त्यांच्याबरोबर डॅन डॅली नावाचा सडपातळ नर्तक होता. त्याला उचलून घेऊन बाई रंगमंचावर फिरत आणि प्रेक्षागृह दणाणून जाई. तोंडाचे हावभाव, एखादी गोष्ट आधी न कळल्यासारखे करून मग एकदम दचकणे, आणि त्या अगडबंब शरीराची अनपेक्षित चपळाई, या त्यांच्या खुणा ठरल्या. कोरसमध्ये जे शरीर अडचण म्हणून मागच्या रांगेत उभे केले जावे, तेच येथे भांडवल झाले.

हे यश त्यांना पचू दिले गेले नाही. ज्या १८९६ साली हा खेळ आला त्याच वर्षी सहा धनिक नाट्यव्यवसायिकांनी एकत्र येऊन ‘थिएट्रिकल सिंडिकेट’ नावाची युती केली. देशातील प्रमुख थिएटरांचे बुकिंग त्यांनी आपल्या हाती घेतले. कोणती कंपनी कोठे आणि कधी उतरणार, हे त्यांच्या कचेरीत ठरू लागले. ‘लेडी स्लेव्ही’चा दौरा कोलोरॅडोत असताना बाईंनी तो सोडला. सिंडिकेटमधील अर्लँगर यांनी त्याची शिक्षा म्हणून त्यांना ब्रॉडवेची दारे बंद केली. काही काळ त्यांना दुसऱ्या फिरत्या कंपनीबरोबर बाहेर काम करावे लागले. दौरा मध्येच सोडणे बरोबर होते असा आमचा दावा नाही. ठरलेले काम अर्धवट टाकणे हे कामगाराच्या बाजूनेही वाईटच. प्रश्न असा आहे की या भांडणाचा निवाडा कोणी केला? ज्याचे नुकसान झाले त्यानेच. करारभंग मालकाचा झाला तर नट अडकून पडतो. नटाचा झाला तर त्याचा धंदाच बंद होतो. दोन्ही पक्षांच्या चुकांना दोन निरनिराळी मापे होती, आणि हे माप बदलणे हीच कोणत्याही संघटनेची पहिली मागणी असते.

आमच्या कथेतील नायिका नेहमी मजुराच्याच बाजूस होती असेही कोणी समजू नये. १९०० साली बाईंनी स्वतःची कंपनी काढली आणि ‘मिस प्रिंट’ नावाचा खेळ घेऊन ईशान्येकडील शहरांतून दौरा केला. खेळ पडला आणि त्यांना दिवाळे जाहीर करावे लागले. म्हणजे गाडीभाडे, थिएटरचे भाडे आणि पगार यांची तोंडमिळवणी करताना मालकाला काय वाटते, तेही त्यांनी अनुभवले. हा अनुभव आम्ही महत्त्वाचा मानतो. मालकाची अडचण खोटी नसते, पुष्कळदा ती अगदी खरी असते. तरीही त्या अडचणीचा भार शेवटच्या रांगेतील मुलीने का उचलावा, हा प्रश्न शिल्लक राहतो. दोन्ही बाजूंनी पाहिलेल्या माणसाने तो विचारला तर त्याला अधिक वजन येते.

आणि तो प्रश्न बाईंनी विचारला. १९१० साली ‘टिलीज नाइटमेअर’ या खेळात त्यांनी एक विनोदी गाणे म्हटले, ते अमेरिकाभर गाजले. राबणाऱ्या गरीब मुलीचे रक्षण स्वर्ग करील, अशी त्याच्या नावातच थट्टा होती. त्यानंतर नऊ वर्षांनी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरील राबणाऱ्या मुलींनी स्वर्गाची वाट पाहणे सोडून दिले.

झाले ते असे. नटांची ‘अॅक्टर्स इक्विटी असोसिएशन’ ही संघटना १९१३ साली स्थापन झाली होती. तिचे पहिले अध्यक्ष फ्रान्सिस विल्सन हेही कॉमिक ऑपेरातच नावारूपास आलेले विनोदी नट. तक्रारी जुन्याच होत्या. तालमी आठवडेच्या आठवडे चालत आणि त्यांचे पैसे मिळत नसत. खेळ सुरू होऊन चार दिवसांत पडला तर दोन महिन्यांच्या मेहनतीचे चार दिवसांचे पैसे. जादा खेळांचा मोबदला नाही. पोशाखाचा खर्च पुष्कळदा नटाच्या पदरचा. कोरसमधील मुलींना बूट-मोजेही स्वतः आणावे लागत. दौऱ्यावर कंपनी फुटली तर परतीचे भाडे ज्याचे त्याने पाहावे. मालकांनी संघटनेशी करार करण्याचे नाकारले तेव्हा ७ ऑगस्ट १९१९ रोजी नटांनी संप पुकारला.

पुढाकार मुख्य नटांचा होता. कोरसची स्वतंत्र संघटना तोवर नव्हती. संपाच्या धामधुमीत ‘कोरस इक्विटी असोसिएशन’ उभी राहिली आणि तिच्या पहिल्या अध्यक्षपदी मारी ड्रेस्लर निवडून आल्या. त्या वेळी त्या पन्नाशीच्या होत्या, नामांकित होत्या आणि कोरस सोडून त्यांना तीस वर्षे झाली होती. आठ डॉलर ठरवून न देणारी कंपनी त्या विसरल्या नव्हत्या. संपनिधीसाठी लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवरील नाटकगृहात नटांनी स्वतःचे खेळ केले. त्यांत मोठमोठी नावे आणि कोरसच्या मुली एकाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. पुढे वादक आणि पडदे ओढणारे कामगार सहानुभूतीने बाहेर पडले, तेव्हा संपाला खरा जोर चढला. नायकाची जागा भरून काढता येते; ज्याला दोर, पडदे आणि दिवे कळतात तो माणूस गेला की थिएटर अंधारात बसते.

संप तीस दिवस चालला. तो आठ शहरांत पसरला, सदतीस खेळ बंद पडले आणि आणखी सोळा उघडू शकले नाहीत. ६ सप्टेंबर १९१९ रोजी मालकांनी करार केला. आठवड्याला आठ खेळांचे माप ठरले, फुकट तालमींना आठवड्यांची मर्यादा पडली, आणि संघटनेला मान्यता मिळाली. संपापूर्वी तीन हजारांच्या आत असलेली सभासदसंख्या चौदा हजारांच्या घरात गेली. कोरसची संघटना वेगळी चालली आणि १९५५ साली मुख्य संघटनेत विलीन झाली.

बाईंना मात्र लगेच सुख लाभले नाही. १९२० नंतरची काही वर्षे त्यांना काम मिळणे कठीण झाले. संपात पुढे झालेल्यांची आठवण मालक ठेवतात, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. अर्थात वय वाढले होते आणि रंगभूमीची आवडही पालटली होती, ही कारणेही सोडून चालणार नाही. पुढे फ्रान्सिस मॅरियन या पटकथालेखिकेच्या खटपटीने त्या चित्रपटात परतल्या. १९३० च्या ‘मिन अँड बिल’ या बोलपटासाठी त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले, आणि साठी उलटलेली ही बाई अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय चित्रनटींत मोजली जाऊ लागली. २८ जुलै १९३४ रोजी त्यांचे निधन झाले.

आता सुरुवातीच्या वादाकडे येऊ. हालअपेष्टांनी मारी ड्रेस्लर घडल्या काय? त्यांच्या उमेदवारीच्या दहा वर्षांची वजाबाकी करून पाहा. तासाभरात नवे नाटक उभे करण्याने त्यांना तयारी आली. कोरसमध्ये उभे राहण्याने मुख्य पात्राची सारी गाणी पाठ झाली आणि संधी आली त्या रात्री त्या तयार होत्या. रोज नव्या गावापुढे उभे राहण्याने प्रेक्षकांची नाडी कळली. एका जाणत्या लेखकाच्या स्पष्ट सल्ल्याने दिशा सापडली. यांतील प्रत्येक गोष्ट पगार वेळेवर मिळाला असता तरी घडलीच असती. उलट न मिळालेल्या आठ डॉलरांनी त्यांना कोणते गाणे शिकविले? मिशिगनमधील त्या गावी अडकून पडल्याने कोणता हावभाव साधला? शिक्षण आणि उपासमार एकाच आगगाडीतून प्रवास करीत होती, एवढ्यावरून त्यांना एकमेकांची आईमुलगी समजण्याची चूक आपण करतो.

आणखी एक गोष्ट आहे. यशस्वी माणसाचे हाल आपल्याला गोड वाटतात, कारण त्यांचा शेवट आपल्याला माहीत असतो. परंतु स्टार कंपनीच्या कोरसमध्ये त्या रात्री मारी एकटी नव्हती. तिच्या डाव्या-उजव्या हाताला आणखी मुली उभ्या होत्या. त्यांचेही आवाज होते, त्यांच्याही घरी निम्म्या पगाराची वाट पाहणारी माणसे असतील. त्यांतील किती जणी आजारी पडून परतल्या, किती जणींनी कंटाळून शिवणकाम धरले, किती जणींजवळ मारीएवढीच किंवा अधिक कला होती, हे कोणी लिहून ठेवले नाही. हालांनी एक मारी ड्रेस्लर घडविली असे म्हणणाऱ्याने, त्याच हालांनी किती बुजविल्या याचाही हिशेब दिला पाहिजे. तो हिशेब कोणाजवळ नाही, आणि म्हणूनच ते म्हणणे इतकी वर्षे टिकले आहे.

संघटना कोणाला कला देऊ शकत नाही. विनोद कसा करावा हे करारात लिहिता येत नाही, आणि ज्याच्या अंगी काही नाही त्याला आठ खेळांच्या आठवड्याने नट करता येणार नाही. तिचे काम लहान आहे. तालमीला आलेल्या मुलीला किती दिवस यावे लागेल ते आधी कळावे, बुटांचे पैसे तिच्या पगारातून जाऊ नयेत, आणि कंपनी फुटली तर घरी जाण्याचे तिकीट तिच्या हाती असावे, इतकेच. ज्या बाईंना हे चौदाव्या वर्षी मिळाले नाही, त्यांनी पन्नासाव्या वर्षी ते दुसऱ्यांसाठी मागितले. त्यांचे मूकपट आजही पाहावयास मिळतात. आपण ते पाहाल तेव्हा हसावे, जरूर हसावे. आणि चित्र संपल्यावर तिच्या मागे उभ्या राहिलेल्या, नाव न छापलेल्या मंडळींकडेही एकदा नजर टाकावी.